मूर्ती मोजायच्या की साचे?



मागच्या वेळी पासवर्डवर लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी कळवलं की आता जरा कॉम्प्युटरबाहेरचं काहीतरी लिही. तर हा लेख कॉम्प्युटरबाहेरचा आहे. मी बी.ई. झालेला माणूस, डॉक्टर नाही, त्यामुळे यातलं काहीही औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचू नका. पण हा विषय आमच्या घरात काही वर्षं मुक्कामाला होता, आणि मोजमाप हा माझ्या धंद्यातला शब्द आहे. तेवढ्या अधिकारावर लिहितोय.

आमच्या नानाकाकांच्या फायलीत दोन लॅब रिपोर्ट आहेत. पहिला २०१२ मधला, यकृत प्रत्यारोपणाच्या आधीचा. त्यावर लिहिलंय : हिपॅटायटिस सी विषाणूचं आरएनए, ३,२०,००० आययू प्रति मिलि, लॉग ५.५१. दुसरा प्रत्यारोपणानंतर वर्षभराने काढलेला. त्यावर ४१,००,०००, लॉग ६.६१. लॉगचा फरक १.१ म्हणजे कागदावर किरकोळ दिसतो, पण ही दहाच्या घातांची मोजपट्टी आहे. ५ चे ६ झाले की दहापट. म्हणजे सडलेलं यकृत काढलं, नवं कोरं बसवलं, आणि विषाणू कमी व्हायच्या ऐवजी सुमारे तेरापट झाला.

नवं कोरं यकृत माझ्या चुलतबहिणीचं होतं. ताई तेव्हा २९ वर्षांची. तिच्या यकृताचा उजवा भाग काढून काकांना बसवला होता. तो दुसरा रिपोर्ट बघून तिने मला विचारलं, "अरे, मी चांगलं लिव्हर दिलं ना? सगळ्या टेस्ट झाल्या होत्या माझ्या. मग त्यात हा आला कुठून? आणि आता माझंच दिलेलं खातोय का तो?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला धीर झाला नाही. पहिल्याचं शोधायला बसलो, आणि त्यातून हा सगळा लेख निघाला.

काकांना हा विषाणू मिळाला १९८७ मध्ये. स्कूटरचा अपघात, मांडीचं हाड मोडलं, तीन बाटल्या रक्त चढवलं. तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं. रक्त चढवल्यावर काही जणांना कावीळ होते आणि ती 'ए'ही नसते, 'बी'ही नसते, एवढं अमेरिकेत हार्वी ऑल्टर यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं होतं. म्हणून आजाराचं नावच 'नॉन-ए, नॉन-बी'. म्हणजे 'ते दोघे नाहीत तो तिसरा'! १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा जनुकीय तुकडा पकडला आणि हिपॅटायटिस सी हे नाव रूढ झालं. पुढे चार्ल्स राइस यांनी हाच विषाणू एकट्याने आजार करू शकतो हे सिद्ध केलं. या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. काकांच्या शरीरात तो २५ वर्षं गुपचूप राहिला, कारण त्याची सवयच ती. ना ताप, ना दुखणं. कळलं तेव्हा पोटात पाणी झालं होतं आणि यकृताचा दगड झाला होता.

आता विषाणू करतो काय ते बघू. हा भाग समजला तर बाकीचं सोपं आहे.

हिपॅटायटिस सी म्हणजे एका आवरणात गुंडाळलेला आरएनएचा एक धागा. साधारण ९,६०० अक्षरांचा. माझ्या फोनमधला एखादा फोटोही याच्या शेकडो पट मोठा असतो. हा धागा पेशीत शिरला की पेशीची यंत्रणा तो आपलाच समजून वाचते आणि त्यातल्या सूचनेप्रमाणे प्रथिनं बनवते. त्यातलंच एक प्रथिन, पॉलिमरेज, धाग्याच्या नकला काढायचं काम करतं. पण ते मूळ धाग्याची थेट नक्कल काढू शकत नाही. आधी त्याचा उलटा धागा बनतो, अक्षराला अक्षर जोडीने बसणारा. मग त्या उलट्यावरून सुलटे धागे पटापट निघतात.

गणपतीच्या कारखान्यात गेला असाल तर हे दिसलं असेल. मूर्तीवरून आधी साचा करतात. साच्यात सोंड खोलगट, पोट खोलगट, सगळंच उलटं. मग एका साच्यातून कितीतरी मूर्ती. बाजारात जातात त्या मूर्ती. साचा कारखान्याबाहेर पडत नाही.

रक्ताच्या तपासणीत मोजतात त्या मूर्ती, म्हणजे सुलटे धागे. यकृताच्या पेशीत विषाणू खरोखर वाढतोय का, हे कळायचं असेल तर मोजायला हवेत साचे. आणि साचे रक्तात येत नाहीत.

"पण रक्तातला आकडा वाढला म्हणजे यकृतात वाढतोय, एवढं पुरे नाही का?" हे ताईने विचारलं होतं, आणि पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं. पण टाकीतलं पाणी बघून नळ किती सुटलाय ते कळत नाही, कारण खाली मोरीही उघडी असते. रक्तातला आकडा महिनोन् महिने तीन लाखांवर स्थिर असेल तर माणूस समजतो, विषाणू निवांत पडलाय. खरी गोष्ट काय आहे ते १९९८ मध्ये अविदान न्यूमन, अॅलन पेरेलसन आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. इंटरफेरॉनचं इंजेक्शन दिल्यावर रक्तातला आकडा तासातासाला कसा घसरतो ते त्यांनी पाहिलं आणि समीकरणं मांडली. निघालं असं, की रक्तातल्या विषाणूंपैकी निम्मे सरासरी २.७ तासांत नष्ट होतात. तरीही आकडा स्थिर राहतो, म्हणजे तितकेच नवे तयार होत असणार. किती? दिवसाला सुमारे एक लाख कोटी. एकावर बारा शून्यं. स्थिर आकड्यामागे एवढा उद्योग चालू असतो.

माझ्यासारख्याला यातली गंमत कळते. सर्व्हरवर मेमरी तासन् तास ४० टक्क्यांवर दिसते, आणि आत हजारो प्रोसेस जन्मत असतात, मरत असतात. ग्राफ सरळ रेषा दाखवतो म्हणून कोणी झोपायला जात नाही.

नळ किती सुटलाय हे बघायचा सर्वात सोपा उपाय म्हणजे नळ बंद करून पाहणं. पण जिवंत माणसाचं यकृत बंद कसं करणार? प्रत्यारोपणात नेमकं हेच घडतं. जुनं यकृत काढलेलं आहे, नवं अजून जोडलेलं नाही, असा साधारण तासा-दोन तासांचा काळ असतो. माणसाच्या शरीरात यकृतच नाही! शस्त्रक्रियेच्या दृष्टीने सर्वात नाजूक काळ, आणि मोजणाऱ्याच्या दृष्टीने एरवी कधीच न मिळणारा. कारखाना उचलून नेला आहे, बाजार तसाच आहे. आता मूर्ती किती वेगाने संपतात ते बघा.

बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी हे केलं आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केलं. २० रुग्ण. शस्त्रक्रियेच्या आधी, यकृत नसताना, नवं यकृत जोडल्यावर आणि पुढचे काही दिवस त्यांनी थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतलं. यकृत नसताना २० पैकी १८ जणांत आकडा घसरला, आणि निम्मा व्हायला सरासरी २.२ तास लागले. न्यूमन-पेरेलसन यांनी समीकरणातून काढलेल्या २.७ च्या किती जवळ! दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं अशी जुळली की इंजिनियरला जेवण गोड लागतं. (यात एक भानगड आहे. शस्त्रक्रियेत रक्त जातं, सलाइन चढतं, त्यामुळेही आकडा पातळ होतो. ते वजा करून बघावं लागतं.)

नवं यकृत जोडल्यावर काय व्हावं? मला वाटलं, लगेच वाढेल. पण पहिल्या दिवसात तो आणखी घसरला, जवळजवळ सगळ्यांमध्ये. कोऱ्या यकृतात अजून एकही साचा नसतो, नवी मूर्ती निघत नाही, आणि उलट रक्तातले विषाणू त्या कोट्यवधी ताज्या पेशींत शिरत असतात. म्हणजे घसरण ही चांगली बातमी दिसते, पण तिचा काही भाग म्हणजे विषाणूने नव्या घरात केलेला गृहप्रवेश. त्यानंतर निम्म्या रुग्णांत आकडा उलटून वर निघाला, आणि दुप्पट व्हायला सरासरी १४ तासांच्या आसपास लागले. हा वेग टिकला तर हजारपट व्हायला सहा दिवस पुरतात. उरलेल्यांत तो काही दिवस स्थिर राहिला किंवा घसरतच राहिला.

ताईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. विषाणू तिच्या यकृतातून आला नाही. काकांच्या रक्तात आधीच होता, आणि टाके पडायच्या आधी नव्या यकृतात शिरला. गोळ्यांच्या आधीच्या काळात, शस्त्रक्रियेच्या वेळी ज्याच्या रक्तात विषाणू असे त्याच्या नव्या यकृतात तो जवळजवळ हटकून येई. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं म्हणे. पण शस्त्रक्रियेच्या आधी सांगितलेल्या शंभर गोष्टींतली घरच्यांना किती आठवतात? एक, खर्चाची.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही पुढे दिलंच तिला. पाच वर्षांत अशा रुग्णांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांचं नवं यकृतही सिरोसिसपर्यंत जायचं. मूळ यकृताला जे व्हायला काकांच्या बाबतीत पंचवीस वर्षं लागली, ते नव्याला पाचात. कारण अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, आणि विषाणूला ते आयतं फावतं. रिपोर्टवरचे तेरापट तिथूनच आले.

आता साचे मोजण्याकडे. कल्पना सोपी, काम महाकठीण.

यकृतातून सुईने एक बारीक दोऱ्याएवढा तुकडा काढतात, बायोप्सी. तो लगेच गोठवायचा, कारण आरएनए उघड्यावर टिकत नाही. मग त्यातून आरएनए वेगळं करायचं, आणि पीसीआर. कोविडमुळे हा शब्द आता घराघरात माहीत आहे : ठरावीक अक्षरांचा तुकडा शोधायचा आणि मोजता येईल इतक्या प्रती करायच्या. साच्यासाठी असा शोधतुकडा घ्यायचा की जो फक्त उलट्या धाग्यालाच चिकटेल.

पण तो तसा वागत नाही. उलट्या एका धाग्यामागे सुलटे दहा किंवा जास्त असतात, आणि शोधतुकडा चुकून त्यांनाही चिकटतो. शिवाय आरएनएचा धागा स्वतःवरच दुमडतो आणि स्वतःच नक्कल सुरू करून देतो. म्हणजे साचा नसतानाही यंत्र सांगतं, साचा आहे. नव्वदच्या दशकात बऱ्याच प्रयोगशाळांना रक्तातल्या पांढऱ्या पेशींत, इतर अवयवांत असे 'साचे' दिसले. मग १९९४ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत रॉबर्ट लॅनफर्ड यांच्या गटाने जास्त तापमानात चालणारं एन्झाइम वापरलं. उष्णतेत धागा दुमडत नाही, आणि शोधतुकडा चुकीच्या जागी तग धरत नाही. त्या चाळणीतून यकृताबाहेरचे साचे गळून पडले, यकृतातले राहिले. दुसरी युक्ती म्हणजे शोधतुकड्याला एक परकं शेपूट जोडायचं आणि पुढे फक्त त्या शेपटावरून प्रती काढायच्या. आम्ही कोडमध्ये संशयित फंक्शनला एक विचित्र खूणशब्द छापायला लावतो, तसंच. लॉगमध्ये तो शब्द दिसला तर खरंच इथून आलं, नाही तर भूत.

एवढ्यावर मिटलं असं वाटलं, तर २००५ मध्ये हरेल डहारी आणि सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणाच्या वेळचे आकडे समीकरणांत घालून सुचवलं, की काही रुग्णांत यकृताबाहेरही विषाणू तयार होणारं एखादं छोटं ठिकाण असावं. एकाने साचे शोधले आणि यकृताबाहेर सापडले नाहीत. दुसऱ्याने मूर्तींचा हिशोब केला आणि कुठेतरी दुसरा छोटा कारखाना असावा म्हणाला. मला विज्ञानातले असे न मिटलेले वाद आवडतात. निदान दोघांनी मोजून भांडण केलं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तेही होत नाही.

साचे सापडले तरी भागिलं कशाने? हा प्रश्न मला सर्वात जवळचा. बायोप्सीचा तुकडा म्हणजे यकृताचा साधारण ५०,००० वा हिस्सा. त्यात यकृताच्या पेशी किती, तंतू किती, रक्त किती, हे प्रत्येक वेळी वेगळं. तंतू वाढलेल्या यकृताच्या तुकड्यात मुळात पेशीच कमी, मग साचे कमी दिसणारच. म्हणून नुसता आकडा सांगून चालत नाही. एकूण आरएनएच्या प्रत्येक मायक्रोग्रॅममागे किती, किंवा प्रत्येक पेशीत असतंच अशा एखाद्या घरगुती जनुकाच्या तुलनेत किती, असं सांगावं लागतं. वर आणखी एक : २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी लेझरने यकृताच्या एकेक पेशी कापून काढून तपासल्या, तर लागण झालेल्या पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या, घोळक्याने होत्या. सुई घोळक्यात गेली तर एक उत्तर, बाजूला गेली तर दुसरं.

हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल, तर आमच्या घरातला एक आठवडा सांगतो.

प्रत्यारोपणानंतर आठव्या महिन्यात काकांचं एसजीपीटी एकदम वाढलं. याची कारणं दोन असू शकत होती. एक, शरीर नवं यकृत नाकारतंय. दुसरं, विषाणू यकृत पोखरतोय. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही बरंचसं सारखं दिसतं : सुजलेल्या पेशी, गोळा झालेल्या पांढऱ्या पेशी. आणि उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध. नाकारतंय म्हणून स्टिरॉइडचा जोरदार डोस दिला आणि कारण विषाणू निघालं, तर तो दुपटी-तिपटीने माजणार. विषाणू समजून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी केलं आणि खरं कारण नकार निघालं, तर यकृत गेलं. तेही ताईचं.

बायोप्सी झाली. रिपोर्ट यायला चार दिवस. त्या चार दिवसांत काकूंनी स्वामींच्या मठात तीन फेऱ्या मारल्या, मी नेटवर पन्नास पेपर वाचून कोणालाच उपयोगी पडलो नाही, आणि काका मात्र गुजरातीत "चालशे, चालशे" म्हणत टीव्हीवर क्रिकेट बघत होते. साच्यांची मोजणी ही तेव्हाही संशोधनाची चीज होती, आजही रोजच्या लॅबमध्ये ती होत नाही. डॉक्टरांनी ठरवलं ते पेशींच्या रचनेवरून, रक्तातल्या आकड्यावरून आणि अनुभवावरून : विषाणू. स्टिरॉइड दिलं नाही. ते बरोबर ठरलं. पण मला तेव्हा कळलं, की लोक तीस-तीस वर्षं उलट्या धाग्यामागे का लागतात. कारखाना चालू आहे की फक्त आवारात जुना माल पडलाय, एवढं एक उत्तर त्या चार दिवसांत मिळालं असतं तर काय हवं होतं!

मग इंटरफेरॉन सुरू केलं. ताप, उलट्या, रक्तातल्या पेशी खाली. प्रत्यारोपण झालेल्यांत त्याने बरे होणारे तीनात एक. काका त्या एकात नव्हते, तिसऱ्या महिन्यात बंद करावं लागलं.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर मंजूर झालं. एक गोळी १,००० डॉलर, १२ आठवड्यांचे ८४,०००. ताईने रुपयांत गुणाकार केला आणि मोबाइल खाली ठेवला. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियाड कंपनीने भारतीय औषध कंपन्यांना ते बनवायचे परवाने दिले आणि २०१५ मध्ये त्या मानाने अगदी थोड्या किमतीत गोळी आपल्या औषधाच्या दुकानात आली. काकांना २४ आठवडे, जोडीला रिबाविरिन. ही गोळी काम करते ती थेट साच्याच्या कारखान्यात. ती आरएनएच्या एका अक्षराची हुबेहूब तोतया आहे. पॉलिमरेज ते अक्षर उचलून धाग्यात बसवतं, आणि पुढचं अक्षर जोडायला जागाच राहत नाही. धागा तिथेच संपतो. उलटा असो, सुलटा असो. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे विटेच्या आकाराचं थर्माकोल?" जवळजवळ तसंच.

चौथ्या आठवड्यात रिपोर्ट आला : 'आढळला नाही'. घरात पेढे आले. मी पेढा खाल्ला, पण 'आढळला नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे हे डोक्यातून जाईना. यंत्र मिलिलिटरमागे साधारण १२-१५ आययूच्या खाली मोजू शकत नाही. आणि मोजतंय ते रक्त.

या फरकाचा हिशोब करणारा प्रयोग त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांना शस्त्रक्रियेच्या आधीच सोफोसबुविर आणि रिबाविरिन दिलं. ४३ जणांत शस्त्रक्रियेच्या दिवशी रक्तातला आकडा २५ च्या खाली होता, म्हणजे व्यवहारात शून्य. त्यातल्या ३० जणांचं नवं यकृत स्वच्छ राहिलं, म्हणजे ७० टक्के. १० जणांत विषाणू परत आला, तिघं दगावले. परत कोणाला आला यात सर्वात जास्त फरक पडला तो एका साध्या गोष्टीने : रक्त शून्य होऊन सलग किती दिवस झाले होते. ३० दिवसांहून जास्त झाले असतील त्यांच्यात परत येणं अगदी विरळा. रक्त आधी रिकामं होतं, यकृत मागून. मूर्ती संपल्यावरही काही दिवस साचे आत शाबूत असतात, आणि औषध थांबलं की पुन्हा भरतात.

आणि मग २०१६ मध्ये बार्सिलोनाच्याच गटाने यात आणखी एक गाठ मारली. अशाच औषधांनी रक्त शून्य झालेल्या रुग्णांची काढलेली जुनी यकृतं त्यांनी तपासली. बहुतेकांत विषाणूचं आरएनए थोडंसं सापडलंच. पण त्यातल्या बहुतेकांच्या नव्या यकृतात आजार उलटला नाही. म्हणजे आत सापडलेला प्रत्येक तुकडा जिवंत नसतो. मोडका साचाही कोपऱ्यात पडलेला असू शकतो. रक्तात शून्य दिसलं म्हणून यकृतात शून्य नव्हे, हे जसं खरं, तसंच यकृतात काहीतरी सापडलं म्हणून कारखाना चालू नव्हे, हेही खरं. म्हणूनच बरं झाल्याची व्याख्या कुठल्या एका दिवसाच्या आकड्यावर ठेवलेली नाही. औषध थांबवायचं, १२ आठवडे थांबायचं, आणि मग पुन्हा मोजायचं. कारखाना चालू असेल तर तेवढ्या दिवसांत माल बाजारात येतोच.

काकांचा त्या १२ आठवड्यांनंतरचा रिपोर्टही 'आढळला नाही' असाच आला. डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा 'बरे झालात' हा शब्द वापरला.

आता थोडं कामाचं. आपल्याकडे रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी घरात कोणाला रक्त चढवलं असेल, बाळंतपणात, अपघातात, ऑपरेशनमध्ये, तर एकदा अँटिबॉडीची साधी तपासणी करून घ्यायला हरकत नाही. ती होकारार्थी आली तर घाबरू नका. विषाणू कधीतरी येऊन गेला असेल तरी ती होकारार्थीच येते. आत्ता आहे का, ते आरएनएची तपासणी सांगते. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. आपल्या आजी-आजोबांना 'तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का' हे विचारायचं काम मात्र तुम्हालाच करायचंय. ते आपण होऊन सांगत नाहीत.

शेवटी एक गंमत, ताईलाच पाठवलेली. २०१९ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी ४४ जणांची गोष्ट प्रसिद्ध केली. या सगळ्यांना हिपॅटायटिस सी नव्हता, पण त्यांना हृदय किंवा फुप्फुस बसवलं ते विषाणू असलेल्या दात्याचं, आणि तेही जाणूनबुजून, त्यांच्या संमतीने. इथे आमच्या उलट : अवयवातून विषाणू माणसात. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच गोळी सुरू केली, आणि चारच आठवडे दिली. सुरुवातीला ४४ पैकी ४२ जणांच्या रक्तात विषाणू सापडला. सहा महिने पूर्ण झालेल्या पहिल्या ३५ जणांत तो एकाच्याही रक्तात नव्हता. यकृताचे बहुतेक साचे बसायच्या आधीच कारखान्याला कुलूप. ताईचं उत्तर आलं, "म्हणजे आता तसलं लिव्हरही कोणी फेकून देणार नाही?" मी लिहिलं, "नाही, आता अशी यकृतंही बसवतात." तिने त्यावर काही लिहिलं नाही, पण तो मेसेज काकांना पाठवला, आणि काकांनी तो घरच्या ग्रुपवर सगळ्यांना.